पुढचं डावं टायर

मनातलं मनात ठेवण्याच्या कलेत माझा हात धरणारा माणूस अख्ख्या टास्मानियात सापडायचा नाही! टॅम्सिन बोटीने पलीकडे मेलबर्नला गेली, त्याला बटाट्याचे दोन हंगाम होऊन गेले. एवढ्या काळात कॉपर्स बेंडमधल्या एकाही माणसाला माझ्या चेहऱ्यावरून काही कळलेलं नाही. चेहरा मी असा ठेवतो की आमच्या शेतातल्या बटाट्यांनी बघून शिकावं.

ती गेली तो दिवस सांगतो. तिला तिकडे ‘पेपर पेलिकन’ नावाच्या वाङ्मयीन त्रैमासिकात सहसंपादकाची नोकरी लागली होती. डेव्हनपोर्टच्या धक्क्यावर बोटीत चढणाऱ्या मोटारींची रांग लागली होती. तिच्या हिरव्या मोटारीत मागच्या काचेपर्यंत पुस्तकं कोंबलेली. मी रांगेच्या कडेने तिच्या खिडकीबरोबर चालत होतो, जणू मलाही तिकीट होतं. रांग थांबली. तिने काच खाली केली.

“फर्गस, काही बोलायचंय तुला?”

बोलायचं होतं हो! इतकं बोलायचं होतं की सगळी वाक्यं एकदम फाटकाकडे धावली आणि मेंढ्यांसारखी फाटकातच अडकली. त्या चेंगराचेंगरीतून एकच वाक्य कसंबसं सुटून बाहेर पडलं.

“पुढचं डावं टायर जरा बसलंय. बघून घे.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग काच वर गेली. मग रांग हलली. मग बोटसुद्धा हलली. टायरचं काय झालं, ते कळलं नाही.

तर यंदा वाचनालयात ‘पेपर पेलिकन’चा नवा अंक आला आणि त्यात स्पर्धेची जाहिरात. विषय : ओढ. कथा, कविता, लेख, नाटुकलं, कुठलाही साहित्यप्रकार चालेल. लिखाणावर नाव घालायचं नाही, ते वेगळ्या चिठ्ठीवर द्यायचं, परीक्षकांना कोण ते कळता कामा नये. आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात : ‘पहिल्या क्रमांकाच्या विजेत्याला आमच्या सहसंपादक टॅम्सिन ट्रेगिअर स्वतः फोन करतील.’

ही ओळ मी वाचनालयात उभ्याउभ्या इतक्या वेळा वाचली की ग्रंथपालबाईंनी मला खुर्ची आणून दिली.

बघा, बक्षीस मला नको होतं. मला फोन हवा होता. मी तिला फोन का केला नाही म्हणता? केला होता. तिने उचलला की मी हवामान सांगायचो. तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, “हवामान मला इथेही दिसतं रे.” त्यानंतर मी थांबलो. पण तिनेच फोन केला, तोही तिच्या नोकरीचा भाग म्हणून, तर तिला ठेवता येणार नव्हता! योजना अशी बिनतोड होती.

कथा मी ठेवली स्पेनमध्ये. दीपगृहाचा एक वृद्ध रखवालदार, तो एका सरदारकन्येची आयुष्यभर वाट बघतो. शेवटी ती येते, पण तो नेमका त्याच सकाळी मेलेला असतो. मी स्पेन पाहिलेला नाही. पण दुःख जितकं लांब नेऊन ठेवावं तितका आपल्यावर संशय कमी, हा माझा सिद्धान्त. कथेत ‘अथांग’ हा शब्द मी सढळ हाताने वापरला. पाकीट टपालात टाकलं आणि कुणाला म्हणजे कुणालाही काही बोललो नाही.

बाबांना सोडून.

तेही काय झालं, जेवताना बाबा म्हणाले, “आज मटण दोनदा वाढून घेतलंस. काय विशेष?”

“काही नाही. एका स्पर्धेत भाग घेतलाय.”

“कसली?”

“लिहायची.”

बाबांनी काटा खाली ठेवला. “वर्गात किती जण आहेत?”

“कसला वर्ग?”

“तुझ्या वर्गात रे. किती प्रवेशिका आल्यात?”

“मला काय माहीत?”

“तीन तरी आल्यात का?”

इथे थांबून तुम्हाला आमच्या गावचा शेतीमेळा सांगायला हवा. शरद ऋतूत भरतो. केक, मुरंबे, भोपळे, लोकरीचं विणकाम, सगळ्याचे वेगवेगळे वर्ग. आणि एक नियम पाळण्यातल्या पोरालाही पाठ : वर्गात तीनपेक्षा कमी प्रवेशिका आल्या तर पहिलं बक्षीस नाही! म्हणून कुणाचा वर्ग रिकामा पडतोय असं कानावर आलं की गाव धावून जातं. शेजारणीच्या मुरंब्याला पहिला नंबर मिळावा म्हणून बायका घरी बसून मुद्दाम वाईट मुरंबा करतात. आमच्याकडे याला शेजारधर्म म्हणतात. माझे बाबा दार अडेल एवढे रुंद. पण एके वर्षी किटलीवर घालायच्या लोकरी टोपड्यांचा वर्ग उणा पडला, तर हा माणूस एका आठवड्यात विणायला शिकला. दुसरा नंबर आला! तिसरी आलेली बाई अजून आमच्याशी बोलत नाही.

“बाबा, ते मेलबर्नचं त्रैमासिक आहे,” मी म्हटलं. “तिथे शेकड्यांनी प्रवेशिका येतात.”

“तू मोजल्यास?”

“नाही, पण...”

“मग?” असं म्हणून बाबा उठले, बाहेर गेले आणि पडवीतल्या फोनवरून हळू आवाजात बोलत राहिले. मला वाटलं, खताचं काहीतरी असेल.

पुढच्या दिवसांत गावाला काहीतरी झालं होतं खरं. हार्डवेअरवाले कोलिनकाका गल्ल्यावर बसून पेन्सिल चावत होते. आमच्या फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकाने मला रस्त्यात गाठून विचारलं, “‘विव्हळ’ आणि ‘व्याकुळ’ यात जास्त जोरदार कुठला?” मी म्हटलं, मॅचला दोन्ही नकोत. जनावरांच्या डॉक्टरीणबाई माझ्या कुत्र्याकडे फार वेळ बघत उभ्या होत्या आणि मधूनच काहीतरी टिपून घेत होत्या. मी आपला बटाट्यासारखा चेहरा करून हिंडत होतो.

शनिवारी मर्लकाकीच्या बेकरीत गेलो. मर्लकाकी म्हणजे मेळ्याच्या केक विभागाची सर्वेसर्वा. तिने कधी कुणाला पूर्ण गुण दिलेले नाहीत, स्वतःच्या सुनेला तर नाहीच नाही.

“नेहमीची दोन ना?” म्हणत तिने शिंपल्यांच्या करीची दोन पॅटिस पिशवीत घातली. “आणि काळजी सोड बाळा. तुझा वर्ग भरला!”

“कसला वर्ग, काकी?”

“ओढीचा रे! सगळ्यांच्या प्रवेशिका गोळा केल्या, मेळ्याला बांधतो तशा नंबराच्या चिठ्ठ्या बांधल्या, सफरचंदाच्या खोक्यात नीट लावल्या आणि सकाळी बटाट्याच्या ट्रकवर दिल्या. आज संध्याकाळच्या बोटीने जातील. माझा फ्रूटकेकपण आहे त्यात.”

“केक? काकी, ती साहित्याची स्पर्धा आहे!”

“मग? साहित्य नीट मोजून घातलंय. शिवाय केकवर साखरेने चार ओळी लिहिल्यात.”

“सगळ्यांच्या म्हणजे किती?”

“तीन हव्यात म्हणून सांगितलं होतं. पण गावाचा उत्साह तुला ठाऊक आहे.”

“पण विषय तर ओढ. यांना एवढं सुचलं तरी काय?”

फुगायचा राहिलेल्या केककडे बघावं तशी काकी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “तू रे. दुसरं काय सुचणार?”

आणि मग ती हळूहळू, अभिमानाने, एकेक प्रवेशिका सांगू लागली. तिने सगळ्या वाचल्या होत्या. तो तिचा हक्कच होता म्हणे, विभागप्रमुख म्हणून.

कोलिनकाकांनी ललित लेख लिहिला होता : ‘दुसरीकडचे स्क्रू’. गावातला एक तरुण दर महिन्याला डेव्हनपोर्टला जातो. विचारलं तर सांगतो, स्क्रू आणायला. ‘माझ्याकडे सगळ्या मापाचं सगळं असतं,’ कोलिनकाका लिहितात. ‘डेव्हनपोर्टच्या दुकानाच्या खिडकीतून बोट दिसते, एवढंच माझ्या दुकानात नाही. मी त्याला कधी अडवलं नाही. स्क्रूंचं गिऱ्हाईक गेलेलं परवडतं, पण ते परत येतानाचं तोंड बघवत नाही.’

प्रशिक्षकाने सामन्याचा वृत्तान्त लिहिला होता. आमच्याकडे लोक मैदानाभोवती मोटारी लावून आत बसूनच सामना बघतात आणि गोल झाला की हॉर्न वाजवतात. तिसऱ्या खांबाजवळची जागा टॅम्सिनच्या हिरव्या मोटारीची. ती गेल्यापासून ती जागा कुणी घेत नाही. वृत्तान्त असा : ‘फर्गस पिंडर बचावाला. चेंडू आला, फर्गसने तिसऱ्या खांबाकडे पाहिलं, गोल झाला. पुन्हा चेंडू आला, फर्गसने तिसऱ्या खांबाकडे पाहिलं, गोल झाला.’ दोन पानं असंच! शेवटी एक वाक्य : ‘मी त्याला संघातून काढणार नाही, कारण मग त्याला तिकडे बघायला निमित्त उरणार नाही.’

“माझं नाव घातलं?” मी ओरडलो. “नाव घालायचं नव्हतं!”

“लिहिणाऱ्याचं नाही घालायचं. तुझं घालायला कुठे मनाई होती?”

डॉक्टरीणबाईंनी रुग्णाचा इतिहास लिहिला होता. रुग्ण : कुत्रा. तक्रार : वजन. कारण : मालक दर शनिवारी दोन पॅटिस घेतो, एक स्वतः खातो, दुसरं धक्क्याकडच्या रस्त्याकडे तोंड करून बराच वेळ हातात धरून बसतो आणि मग कुत्र्याला देतो. उपाय : ‘पॅटिस खाणारी परत आणणे.’

मी हातातल्या पिशवीकडे पाहिलं. पिशवीत दोन पॅटिस होती.

“आणि बाबा? बाबांनी काय लिहिलं?”

मर्लकाकी ओट्यावरचा नसलेला पिठाचा डाग पुसू लागली. “ते त्यालाच विचार,” म्हणाली.

पण विचारायला वेळ कुठे होता! मी पिकअप काढली आणि डेव्हनपोर्टकडे सुटलो. खोकं कसंही करून उतरवायचं! वाटेत मेंढ्या आडव्या आल्या, नंतर त्याच मेंढ्यांचा मालक आडवा आला. त्याने काच खाली करायला लावून विचारलं, “माझी कविता वाचलीस का रे? यमक जमलंय ना?” मी धक्क्यावर पोचलो तेव्हा बोटीने दोर सोडले होते. नदीच्या मुखातून ती हळूहळू, घाई नसल्यासारखी बाहेर पडत होती. पोटात आमच्या गावचे बटाटे, एक फ्रूटकेक आणि माझी अब्रू.

मी तिथेच कठड्यावर बसलो. बोट लहान होत गेली. खरं सांगायचं, तर सुरुवातीला मी खोक्यासाठी बघत होतो. नंतर कशासाठी बघत होतो, ते गावाला ठाऊक आहे. दिवे लुकलुकायला लागले, मग तेही दिसेनासे झाले. मी पिशवी उघडली. एक पॅटिस खाल्लं. दुसरं हातात धरून बसलो. आणि पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की कुत्र्याला मी सोबत आणलेलंच नाही.

त्यानंतर वाट बघणं. गावात सगळेच आता कसलेले लेखक होते. बेकरीच्या रांगेत एकमेकांना ‘तुमची शैली जरा जड आहे हं’ असं ऐकवत होते. मी मात्र फोन वाजला की दचकत होतो. वाटत होतं, वाजावा. वाटत होतं, देवा, नको वाजू दे! गावाने माझी अंतर्वस्त्रं दोरीवर वाळत घातल्यासारखी माझी ओढ मेलबर्नात वाळत घातली होती आणि ती एकेक करून टॅम्सिनच्या हातात पडणार होती.

एका दुपारी फोन वाजला. मी उचलला.

“नमस्कार, ‘पेपर पेलिकन’मधून बोलतेय.”

तिचा आवाज! तोच. वाक्याच्या शेवटी थोडा वर जाणारा. मेंढ्या फाटकाकडे धावल्या.

“टॅम,” मी म्हटलं.

पलीकडे तिने घसा साफ केला आणि अगदी कार्यालयीन आवाजात विचारलं, “श्री. हॅरल्ड पिंडर आहेत का?”

“बाबा?”

“पहिला क्रमांक त्यांचा आलाय.”

मी फोन बाबांना दिला. दुसरं काय करणार? बाबा बोलत राहिले. किती बोलत राहिले! बटाट्याचं सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं, मध्येच खो खो हसले. मी समोर उभा राहून खुणा करत होतो. बाबांनी मान डोलावली, “बरं पोरी, काळजी घे,” म्हणाले आणि फोन ठेवला.

“ठेवला?”

“बोलणं संपलं ना.”

“माझ्याबद्दल काही नाही विचारलं?”

“एका गोष्टीबद्दल हसत होती. कुणीतरी स्पेनच्या दीपगृहावर लिहिलंय म्हणे. परीक्षकांनी शेरा मारला, ‘या लेखकाने आयुष्यात कुणाची वाट पाहिलेली दिसत नाही.’” बाबांनी माझ्याकडे न बघता टोपी झटकली. “मी म्हटलं, कोण असेल कुणास ठाऊक.”

मी खुर्चीत बसलो. “आणि तुम्ही काय लिहिलंत?”

“फार नाही. तीन-चार वाक्यं.”

“कशाबद्दल? माझ्याबद्दलच ना?”

“तुझ्याबद्दलच बसलो होतो लिहायला.” बाबांनी मागच्या दाराकडे पाहिलं. दाराशी आईचे निळे गमबूट आहेत. आई गेली तेव्हापासून तिथेच आहेत. मला ते दिसेनासे झाले होते, भिंत दिसेनाशी होते तसे. “रोज सकाळी झाडताना मी ते उचलतो, खाली झाडतो, पुन्हा तिथेच ठेवतो. त्याआधी उलटे करून झटकतो. आत कोळी बसलेला असतो कधी कधी. आता घालणारं कुणी नाही. पण चावला तर तिला चावेल, असं वाटतं. एवढंच लिहिलं.”

मी काही बोललो नाही. बाबाही काही बोलले नाहीत. आमच्या घराण्यात ही कला बापाकडून मुलाकडे येते.

मग बाबा उठता उठता म्हणाले, “हां, एक निरोप आहे. बुटांचा फोटो काढायला शनिवारच्या बोटीने येतेय ती. आणि म्हणाली, पुढचं डावं टायर तेव्हाच बदललं. आता उजवं आवाज करतंय. फर्गसला बघायला सांगा.”

शनिवारी सकाळी उजाडताना मी धक्क्याबाहेर उभा होतो. पिकअपमध्ये नवं कोरं टायर. हातात पॅटिसची पिशवी, मर्लकाकीने दुकान लवकर उघडून दिलेली. शेजारी कुत्रा. भाषण पाठ केलेलं, त्यात स्पेन नाही, ‘अथांग’ नाही. एकटाच होतो. मागे वळून पाहिलं तर रस्त्याच्या कडेला मोटारींची रांग! कोलिनकाका, प्रशिक्षक, डॉक्टरीणबाई, मेंढ्यांवाला कवी, बाबा. अख्खं कॉपर्स बेंड थर्मासमधला चहा पीत बसलेलं.

“तुम्ही सगळे इथे कशाला?” मी ओरडलो.

मर्लकाकीने काच खाली केली. “वाट बघणारा एकटाच असला तर कसं चालेल? तीन तरी हवेत!”

तेवढ्यात बोटीतून मोटारी उतरू लागल्या. पांढरी, काळी, एक मागे घोडा नेणारी जोडगाडी ओढणारी. आणि मग हिरवी. ती फाटकातून बाहेर येताक्षणी मागच्या सगळ्या मोटारींचे हॉर्न एकदम वाजले. तिकडच्या प्रवाशांना काही कळेना, पण आम्हाला कळलं. कुणीतरी गोल केला होता.

ती माझ्यापाशी थांबली. शेजारच्या सीटवर मर्लकाकीचा केकचा डबा, रिकामा. (परीक्षकांचा शेरा डब्यावर चिकटवलेला : ‘शेवट फार लवकर आला.’) टॅम्सिनने काच खाली केली. केस कापले होते तिने. बाकी सगळं तेच.

“फर्गस,” ती म्हणाली, “काही बोलायचंय तुला?”

हॉर्न थांबले. कुत्रासुद्धा गप्प बसला. मी तोंड उघडलं. मेंढ्या धावल्या. मी त्यांना मनात म्हटलं, एकेकीने या, बाईलोक, एकेकीने या! आणि खाली पाहिलं.

“उजवं,” मी म्हटलं, “उजवं खरंच बसलंय गं.”

मागून अख्ख्या गावाचा ‘अरेरे’ ऐकू आला. बाबांनी टोपी चेहऱ्यावर ओढून घेतली.

टॅम्सिनने इंजिन बंद केलं. दार उघडून उतरली, माझ्या हातातली पिशवी घेतली, तिच्यातलं एक पॅटिस काढलं आणि कठड्यावर बसली. कुत्र्याने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला स्वतःपेक्षा त्याचीच जास्त कीव आली.

“मग बदल ना,” ती खात खात म्हणाली. “मला घाई नाहीये.”

बदललं असतं हो! पण मी आणलेलं टायर चुकीच्या मापाचं निघालं. म्हणून तिची मोटार हळूहळू गावापर्यंत आणली आणि सगळे मिळून कोलिनकाकांच्या दुकानात गेलो. कोलिनकाकांनी टायरकडे पाहिलं, टॅम्सिनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या पाठीमागे छतापर्यंत टायर रचलेले होते.

“छे, हे माप आपल्याकडे नाही बुवा,” ते तोंड वर करून म्हणाले. “मागवावं लागेल. आता कधी येईल, काय सांगावं!”